आयकू येस, पन आयकस नही

कापूस वेचणीच्या दिवसांत चोपड्याकडे नुसती एक चक्कर मारून या. शेतात पाय ठेवायची गरज नाही. घरी आल्यावर पाहाल तर ओढणीला, केसांना, चपलेच्या पट्ट्याला कुठे ना कुठे कापूस चिकटलेला असतो. आमच्या कामातले किस्से तसेच आहेत. मुद्दाम कुणी गोळा करत नाही. पण संध्याकाळी घरी पोचले की माझा नवरा चहाचा कप पुढे करत विचारतो, "बोल, आज काय चिकटलं?"

आधी काम काय ते सांगते. मी ऑडिओलॉजिस्ट. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतल्या शाळांमध्ये जाऊन आम्ही पोरांची ऐकण्याची तपासणी करतो. नुसता कान तपासत नाही हं! काही पोरांचा कान ठणठणीत असतो, पण वर्गातल्या गलक्यात कानावर पडलेलं डोक्यात नीट लागत नाही. गुरुजी म्हणतात "वही काढा", आणि हे पोरगं आधी शेजाऱ्याकडे बघतं, तो काय काढतोय ते. मग त्याला ढ म्हणतात, आळशी म्हणतात, कधी कधी एक धपाटाही मिळतो. अशी पोरं आम्ही शोधतो. शाळेत फक्त चाळणी लावायची, आणि शंका आली तर धुळ्याच्या आमच्या सेंटरवर, आवाजबंद खोलीत पूर्ण तपासणी करायची.

टीम मोठी नाही. मी, सुरेखाताई आणि नाना. सुरेखाताई विशेष शिक्षिका, माहेर पुण्याचं, लग्न होऊन धुळ्यात आल्या. नाना आमच्या गाडीचे ड्रायव्हर, साठीला टेकलेले. पगार ड्रायव्हरचा, सल्ला सिव्हिल सर्जनचा! पण खरं सांगते, ह्या कामात मला जे काही थोडंफार कळलं, त्यातलं निम्मं नानांनी गाडी चालवता चालवता शिकवलं.

*

पहिला किस्सा आमच्याच फजितीचा.

साक्री तालुक्यात, डोंगराच्या बाजूला एक छोटी शाळा आहे. पहिली ते चौथी. दिवाळीनंतर आम्ही तिथे गेलो. एक तपासणी अशी असते की हेडफोनमधून एकेक शब्द ऐकवायचा आणि पोरानं तोच शब्द परत म्हणायचा. सोपं काम. शब्दांची यादी आमच्याकडे तयार होती. सुरेखाताई कागद घेऊन बसल्या.

हेडफोनमधून शब्द गेला, "मुलगा."

पोरगं म्हणालं, "आंडोर."

ताईंनी फुली मारली.

"मुलगी."

"आंडेर."

फुली.

"सगळे."

"बठ्ठा!"

फुली. दुपारपर्यंत निम्म्या शाळेचे कागद फुल्यांनी भरले. ताईंचा चेहरा उतरला. मला म्हणाल्या, "मॅडम, अख्ख्या गावाच्या पाण्यात काही आहे का हो?"

नाना दाराशी डबा खात बसले होते. घास हातात धरून म्हणाले, "ताई, पोरगं बरोबर सांगी राह्यनं. तुमनी यादी चुकेल शे."

तेव्हा उजेड पडला. पोरं शब्द नीट ऐकत होती आणि वर तो आपल्या अहिराणीत करून देत होती! मी त्या पोराला जवळ घेतलं आणि विचारलं, "अरे, मी म्हटलं तेच म्हणायचं होतं ना? तू बदललंस का?"

पोरगं माझ्याकडे असं बघायला लागलं, की तपासणी माझीच व्हायला हवी. म्हणालं, "गुरुजी सांगतस ना, उत्तर आपला शब्दमा द्या!"

सगळे कागद फाडले. संध्याकाळी नाना, गुरुजी आणि आम्ही दोघी शाळेच्या ओट्यावर बसून नवीन यादी केली, सगळ्यांच्या घरी एकच असतील अशा शब्दांची. आज दोन्ही जिल्ह्यांत आम्ही तीच यादी वापरतो. त्या पोराचे आभार मानायचे राहून गेले, ते इथे मानते.

*

त्याच शाळेत, त्याच दिवशी तनुजा भेटली. आता ही पोर मधूनमधून येत राहील, म्हणून नीट सांगते.

चौथीत होती. दोन वेण्या, लाल रिबिनी, शेवटचा बाक, रस्त्याकडची खिडकी. आईवडील ऊसतोडीला गेलेले, घरी आजोबा. गुरुजींनी तिच्या नावापुढे आधीच लिहून ठेवलं होतं, "लक्ष देत नाही."

बारीक टूं टूं आवाजाची तपासणी केली. सगळे आवाज तिला ऐकू आले. शब्दही बरोबर म्हणाली. मग आम्ही हेडफोनमध्ये शब्दांच्या मागे वर्गाचा गलका लावला. तनुजा गप्प. शब्द जाताहेत, आणि ती माझ्या तोंडाकडे, ताईंच्या तोंडाकडे, भिंतीवरच्या तक्त्याकडे बघतेय. शेवटी डोळ्यांत पाणी आलं तिच्या. आम्ही थांबवलं.

आजोबांना बोलावून घेतलं. गाव त्यांना आबा म्हणतं. उंच, पांढरं धोतर, खांद्यावर मोठा लाल रुमाल. बैलबाजारातले दलाल. बैल विकणारा आणि घेणारा यांच्यामधला भरवशाचा माणूस. त्यांचा शब्द पंचक्रोशीत चालतो.

मी म्हटलं, "आबा, तनुजाचे कान चांगले आहेत, पण..."

"पण"च्या पुढे त्यांनी ऐकलंच नाही. मांडीवर थाप मारून म्हणाले, "मी काय सांगस मंग? तिले आयकू येस, पन ती आयकस नही. लबाड शे!"

आणि मग खरी गोष्ट बाहेर आली. शाळा चौथीपर्यंतच. पुढची पाचवी ते दहावी मोठ्या गावच्या हायस्कुलात, एसटीनं जायचं. आबांचं ठरलं होतं, चौथी झाली की पोर घरी. शेळ्या आहेत, घर आहे.

"आठे एक गुरुजी, वीस पोरे, तरी आयकस नही. तठे साठ पोरे. तिले कोन इचारी? पोरे हसतीन तिले."

हे शेवटचं वाक्य ते जरा हळू बोलले. रागानं नाही. मला तेव्हा कळलं की हा माणूस पोरीला डांबून ठेवत नाहीये, तो तिला झाकून ठेवतोय. अशा माणसाशी भांडता येत नाही हो! भांडायला मी तयार होऊन आले होते, आणि हात चोळत गाडीत बसले.

नाना म्हणाले, "मॅडम, मे महिना लांब आहे."

*

जरा हलकं सांगते, नाहीतर तुम्हीही रडाल.

चोपड्याकडच्या एका मोठ्या शाळेत आम्हाला शांत खोली हवी होती. आमच्या कामात शांत खोली म्हणजे अर्धी लढाई. मुख्याध्यापकांनी पोषण आहाराची कोठी दिली. तांदळाच्या गोण्या छतापर्यंत! तुम्हाला सांगते, गोण्यांसारखं आवाज खाणारं दुसरं काही नाही. मी खूश. एका गोणीवर पोरगं, दुसरीवर मी.

पण मोबाईलवर आवाज मोजायचं ॲप लावलं तर काटा दर दोन मिनिटांनी उसळी मारायचा. काय भानगड म्हणून बाहेर आले. शाळेचे शिपाई भिकाभाऊ दाराशी स्टुलावर बसले होते आणि जीव तोडून ओरडत होते, "चूप! बठ्ठा चूप! मॅडम कान तपासी राह्यन्यात!"

मैदानात चिटपाखरू नव्हतं. सगळी पोरं वर्गात. आवाज फक्त भिकाभाऊंचा!

मी हात जोडले. "भाऊ, तुम्ही ओरडू नका ना."

"मी वरडनू नही, त पोरे चूप कशे बसतीन?"

"पोरं गप्पच आहेत, भाऊ."

"काय?"

"पोरं गप्प आहेत!"

"काय सांगं?"

सुरेखाताईंनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. भिकाभाऊंना हळूच आत घेतलं, गोणीवर बसवलं, हेडफोन लावला. त्या दिवशी चारेकशे पोरांच्या शाळेत कानाच्या मशीनची सगळ्यात जास्त गरज कुणाला निघाली असेल, सांगा!

आता त्यांच्या कानाला मशीन आहे. गेल्या वर्षी पुन्हा त्या शाळेत गेलो, तर कोठीच्या दाराला आणि खिडकीला घरून आणलेल्या दोन गोधड्या टांगलेल्या. बायकोनं स्वतः शिवलेल्या. आणि भिकाभाऊ स्टुलावर, तोंडावर बोट ठेवून. मला बघितल्यावर कानाशी तोंड आणून कुजबुजले, "मॅडम, शाळामा भलताच गोंधळ ऱ्हास हो. माले माहीतच नव्हतं!"

*

वरणगावच्या बाजूचा एक वर्ग मी जन्मात विसरणार नाही.

टूं टूंची तपासणी. पोरांना सांगितलं, आवाज आला की हात वर करायचा. पहिलं पोरगं बसलं. आवाज सोडला. हात नाही. मोठा केला. हात नाही. दुसरं पोरगं, तेच. तिसरी मुलगी, तेच. दहाव्या पोरापर्यंत माझ्या कपाळावर घाम. मशीन गेलं की काय? नानांना बोलावून त्यांच्या कानाला हेडफोन लावला. ते म्हणाले, "चालू आहे ना. टिटवी ओरडल्यासारखं येतंय."

मग हे काय? सुरेखाताईंनी एका चुणचुणीत मुलीला खाली बसून विचारलं, "बाळा, तुला काहीच ऐकू नाही आलं?"

"आलं ना! टूं आलं."

"मग हात का नाही वर केलास?"

ती म्हणाली, "आमच्या सरांनी सांगितलंय, उत्तर येत असेल तरच हात वर करायचा. उगाच करायचा नाही. मला टूं ऐकू आलं, पण त्याचं उत्तर कुठं येतं मला?"

मागून दुसरी म्हणाली, "मला पण नाही आलं उत्तर. अवघड होतं!"

त्या वर्गाचे सर पलीकडे उभे होते. शिस्तीचे म्हणून तालुक्यात प्रसिद्ध. हसू दाबता दाबता त्यांचा चष्मा घसरला.

तेव्हापासून आम्ही हात वर करायचं बंद केलं. आता पोरांसमोर चिंचोके ठेवतो. आवाज आला की एक चिंचोका डब्यात टाकायचा. चिंचोके नाना आणतात. आणि खिडकीतून बाकीची पोरं "टाक! टाक!" असं सांगत असतात, म्हणून खिडकीत उभं राहायचं कामही नानाच करतात.

*

जानेवारीत नानांनी तनुजाला आणि तिच्या काकूला गाडीत घालून धुळ्याला आणलं. आबा आले नाहीत.

पूर्ण तपासणी झाली. आमची शंका खरी निघाली. शांततेत एका वेळी एकाचं बोलणं तिला स्वच्छ कळत होतं. मागे गलका लावला की सगळं वाहून जात होतं.

खोलीतून बाहेर आल्यावर तिनं विचारलं, "मी नापास ना?"

सगळी पोरं हे विचारतात. आमचं उत्तर ठरलेलं असतं, की बाळा, हा पेपर नाही. पण तिनं विचारलं ते आधीच माहीत असल्यासारखं विचारलं. माझ्या तोंडून निघून गेलं, "तू नाही गं, तुझा वर्ग नापास झालाय!"

ती खुदकन हसली. आमच्याकडे पहिल्यांदाच.

रिपोर्ट घेऊन मी आबांकडे जायचं ठरवलं. नाना म्हणाले, "घरी नका जाऊ. आज बाजाराचा वार आहे. आबा तिथंच सापडतील."

बैलबाजार तुम्ही पाहिला नसेल तर काय सांगू! शेकडो बैल, गळ्यात घुंगरं, एकीकडे लाऊडस्पीकरवर गोळ्या-औषधं विकणारा, दुसरीकडे रसवंतीचं इंजिन, त्यात माणसं. आबा पन्नास पावलांवर उभे होते. मी ओरडले, "आबा! तनुजाचा रिपोर्ट आला!" त्यांनी कानाशी हात नेला आणि मान हलवली. आणखी जवळ गेले, पुन्हा ओरडले. पुन्हा तेच.

त्यांचा सौदा चालू होता. एका शेतकऱ्याचा हात आबांच्या हातात, वर तो लाल रुमाल टाकलेला. दोघांची तोंडं बंद. रुमालाखाली काहीतरी चाललेलं. नाना माझ्या कानात सांगायला लागले. एक बोट धरलं तर एक. दोन धरली तर दोन. पूर्ण पंजा धरला की पाच. दहा सांगायचे तर पंजा सोडून पुन्हा धरायचा. शेकडा की हजार, ते दोघांना बैलाकडे बघूनच माहीत असतं. बाजूच्या माणसाला भाव कळत नाही, आणि गलक्यात ओरडावंही लागत नाही.

सौदा तुटला, म्हणजे बाजाराच्या भाषेत ठरला, आणि आबा माझ्याकडे वळले. हसत म्हणाले, "बाजारमा काय आयकू येस, बाई? आठे कान काय कामना नहीत. म्हनीसन त रुमाल शे."

मी पाठ करून आणलेलं सगळं विसरले. रिपोर्ट पिशवीतच राहिला. एवढंच म्हणाले, "आबा, तनुजाला वर्गात रोज असंच ऐकू येतं. रोज बाजार. आणि तिच्याकडे रुमाल नाही."

आबांचं हसू गेलं. माझ्याकडे पाहिलं, मग बैलांकडे, मग त्या लाऊडस्पीकरकडे.

मग म्हणाले, "जा बाई. सौदा चालू शे मना." आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे निघून गेले.

परतीच्या वाटेवर मी फणफणत होते. नाना शांतपणे गिअर टाकत म्हणाले, "मॅडम, आबा लगेच हो म्हणाले असते तर मला काळजी वाटली असती. पहिल्या झटक्यात तुटलेला सौदा बैल घरी जाईपर्यंत टिकत नाही."

*

महिनाभरानं गुरुजींचा फोन आला. आवाज चढलेला. "मॅडम, तुमची तनुजा कॉपी करताना सापडली!"

तनुजा? कॉपी? आम्ही दुसऱ्या दिवशी गाडी काढली.

गुरुजींनी हकिगत सांगितली. आमचं ऐकून त्यांनी तिला खिडकीपासून हलवून पहिल्या बाकावर आणलं होतं, शेजारी रोहिणी नावाची मुलगी. आणि अचानक काय झालं, तर गुरुजी फळ्याकडे तोंड करून "पान बत्तीस काढा" म्हणायचे, आणि वर्गात सगळ्यात आधी पान निघायचं तनुजाचं!

"चार वर्षांत पहिल्यांदा, मॅडम! संशय येणारच ना?"

मग त्यांनी पाहिलं. दोघी पोरींच्या मध्ये बाकावर एक रुमालाचा तुकडा. लाल. त्याखाली रोहिणीनं तनुजाची आधी तीन बोटं धरली, मग दोन. झालं, पान बत्तीस!

"कुणी शिकवलं?" मी विचारलं, जसं काही मला माहीतच नव्हतं.

"अहो, आबांनी! संध्याकाळी पारावर बसून दोघींना शिकवलं. रुमाल फाडून दिला. तेवढ्यावर थांबलं असतं तर ठीक होतं. ते बघायला जमलेली बाकीची पोरंही शिकली! परवा पाढ्यांची परीक्षा घेतली. सगळ्या वर्गाला पैकीच्या पैकी! बघतो तर काय, प्रत्येक बाकावर रुमाल!"

सुरेखाताई इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं. गुरुजींनी सगळ्यांचे रुमाल जप्त केले. तनुजाचा मात्र ठेवला. आणि आपल्यातही एक बदल केला. आता पान, गणिताचा नंबर, गृहपाठ, सगळं ते आधी फळ्यावर लिहितात, मग पोरांकडे तोंड करून बोलतात.

निघताना गुरुजी गाडीपर्यंत आले. म्हणाले, "चार वर्षं मी तिला शेवटच्या बाकावर बसवलं. लक्ष देत नाही म्हणून." मला फार आदर वाटला त्यांचा. आपली चूक तोंडानं कबूल करणारी किती माणसं भेटतात हो? मी म्हटलं, "गुरुजी, ज्या पोरीला चार वर्षं वर्गातलं काही नीट कळत नव्हतं, तिला तुम्ही वाचायला मात्र शिकवलंत. ते कसं केलंत, हे मला सांगा आता."

पण पाचवीचं? आबांना विचारलं तर एकच उत्तर.

"आठे रोहिणी शे. तठे कोन? पाहू."

*

एक मे. महाराष्ट्र दिनाचं झेंडावंदन आणि निकाल एकाच दिवशी. आम्हाला सुट्टी होती. तरी सकाळी सहा वाजता नाना गाडी घेऊन दारात हजर! सुरेखाताई मागच्या सीटवर आधीच बसलेल्या. कुणी कुणाला बोलावलं नव्हतं.

पोचलो तेव्हा झेंडा वर गेला होता. शाळेच्या मैदानात लाऊडस्पीकर, गाणी, पोरांची पळापळ, खाऊचं वाटप. सगळा बाजारच. चौथीची सगळी पोरं पास. तनुजा निकालाचा कागद घेऊन धावत आली, माझ्यासमोर उभी राहिली, आणि मी बोलेपर्यंत माझ्या तोंडाकडे बघत थांबली. मी म्हटलं, "शाब्बास!" ती रोहिणीकडे पळाली.

आबा ओट्याच्या कडेला बसले होते. खांद्यावर लाल रुमाल, एका कोपऱ्यातून फाटलेला. गुरुजी, नाना, सुरेखाताई आजूबाजूला उभे राहिले. सगळ्यांना माहीत होतं मी काय विचारायला आलेय.

मी त्यांच्या शेजारी ओट्यावर बसले. "आबा, मी जास्त मागत नाही. फक्त पाचवी. एक वर्ष. तिथल्या मास्तरांना मी स्वतः भेटते, पहिला बाक मिळवून देते. नाही जमलं तर पुढच्या मेला पोर तुमची, शेळ्या तुमच्या. मी तोंड दाखवणार नाही."

लाऊडस्पीकरवर गाणं लागलं होतं. आबांना माझं बोलणं कळलं की नाही, मला समजेना. ते समोर तनुजाकडे बघत होते. ती आणि रोहिणी एकमेकींचे कागद वाचत होत्या.

मग त्यांनी खांद्यावरचा रुमाल काढला, झटकला आणि माझ्या हातावर टाकला.

मैदानातल्या बायका बघायला लागल्या. त्या रुमालाखाली बाईचा हात आजवर गेला नव्हता. आबांचा हात आत आला. बैलांच्या कासऱ्यानं घट्टे पडलेला, कोरडा हात. त्यांनी माझं एक बोट धरलं. मग दुसरं. तिसरं. चौथं. मग पूर्ण पंजा, घट्ट.

माझे डोळे भरून आले. "आबा, फार उपकार झाले," म्हणत मी हात काढून घ्यायला लागले.

"मॅडम," मागून नाना हळूच म्हणाले, "हात काढू नका. सौदा अजून चालू आहे."

आबांनी माझा पंजा सोडला. आणि पुन्हा धरला.